कोरीव टेबल घरी करताना: आधी टेबल, मग नक्षी

प्रश्न थोडक्यात असा आला: "दोन वर्षं छोट्या पाट्यांवर आणि डब्यांच्या झाकणांवर कोरीव काम करतोय, हात बऱ्यापैकी बसलाय. आता घरच्या लहानशा कार्यशाळेत सहा जणांचं टेबल करायचं आहे. चौकटीवर वेलबुट्टी हवी, जमलं तर वरच्या फळीवरही. लाकूड कोणतं घेऊ, हत्यारं किती लागतील, आणि कोरायचं जोडणीच्या आधी की नंतर?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. सांधे कापून, टेबल एकदा कोरडं जोडून बघितल्यावर, पण गोंद लावण्याच्या आधी कोरायचं. म्हणजे लाकूड चौरस करा, पायांत खाचा पाडा, पट्ट्यांच्या टोकांना त्या खाचांत बसणारी कुसवं कापा, गोंद न लावता सगळं उभं करून बघा. मग परत खोला, एकेक पट्टी बाकावर आडवी पाडून कोरा, आणि त्यानंतर गोंद. हा क्रम उलटा केला की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. पहिलं टेबल मी उत्साहाच्या भरात आधी जोडलं. पट्ट्यांच्या मधल्या भागापर्यंत छान कोरलं, आणि पायाजवळ आलो तर हत्याराची मूठ पायावर आपटायला लागली. त्या चार कोपऱ्यांतली पानं आजही अर्धवट दिसतात. दुसरी चूक त्याच्याही उलटी असते: आधी कोरायचं आणि मग सांधे कापायचे. कोरलेली पट्टी शिकंज्यात नीट बसत नाही, गुण्या टेकवायला सपाट जागा उरत नाही, आणि कुसू अर्धा मिलिमीटर तिरकं गेलं की कोरण्यात घातलेले पंधरा तास वाया.

आता वरची फळी. तिच्यावर नक्षी करू नका. ताटल्या डुगडुगतात, लिहायला बसलं की पेन खड्ड्यात जातं, आणि खळग्यांत सांडलेलं पुसता पुसता तुम्हालाच त्या नक्षीचा राग येईल. फार वाटलं तर फळीच्या कडेला एक साधी कोरीव किनार द्या. टेबलाजवळ उभ्या माणसाची नजर कडेवर, पट्ट्यांवर आणि पायांच्या वरच्या भागावर जाते. मेहनत तिथे खर्च करा.

मापं आधी कागदावर पक्की करा. सहा जणांसाठी १५०० बाय ८०० मिमी फळी आणि ७५० मिमी उंची धरू. लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एकेक माणूस बसेल. फळी २५ मिमी जाड, चौकटीच्या पट्ट्या १०० मिमी उंच. खाली गुडघ्यांना ६२५ मिमी जागा उरते. ती ६१० च्या खाली गेली की उंच माणसाच्या मांड्या पट्टीला घासतात, आणि त्याच पट्टीवर खालच्या कडेपर्यंत नक्षी असेल तर कपड्यांचे धागे अडकतात. म्हणून खालची १०-१२ मिमी पट्टी साधी सोडा. पाय ७० मिमी चौरस. फळी पायांच्या बाहेर चारही बाजूंना ५० मिमी काढली, तर पायांच्या मधली दिसणारी पट्टी लांब बाजूला १२६० आणि आखूड बाजूला ५६० मिमी येते.

हे आकडे मुद्दाम देतोय, कारण वेलबुट्टीची विभागणी इथूनच ठरते. पायाला लागून दोन्हीकडे २५ मिमी जागा कोरी ठेवा. उरले १२१० आणि ५१०. मधोमध एक फूल यायचं असेल तर बुट्ट्यांची संख्या विषम हवी. आखूड बाजूला ५ बुट्ट्या बसवल्या तर प्रत्येकी १०२ मिमी, लांब बाजूला ११ बसवल्या तर ११० मिमी. आठ मिलिमीटरचा फरक आहे, पण दोन पट्ट्या काटकोनात असल्यामुळे डोळ्याला तो कळत नाही. कोपऱ्यावर अर्धी कापलेली बुट्टी मात्र लांबून कळते. नवशिके नेहमी आधी बुट्टीचं माप ठरवतात आणि मग शेवटी उरलेल्या जागेत काहीतरी कोंबतात.

लाकडाबद्दल. कोरायला सोपं लाकूड आणि टेबलाला चांगलं लाकूड या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. युरोपात कोरीव कामासाठी लिंडेनचं लाकूड पिढ्यान्पिढ्या वापरलं गेलं, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या ग्रिन्लिंग गिबन्सची फुलापानांची कामं त्यातच आहेत. पण ते इतकं मऊ की टेबलाच्या कडेवर नखाचेही वण उमटतात. साग हवामानाला आणि किडीला उत्तम टिकतो, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पटाशी चामड्यावर ओढावी लागते. शिवण हलकं आणि कोरायला गोड, आणि सुकल्यावर फारसं हलत नाही. शिसव सुंदर पण कठीण, शिवाय लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, दर बोटाला दिशा बदलतात. अक्रोड टेबल आणि नक्षी दोन्हींना न्याय देतं. महोगनीही. आंब्याचं लाकूड सरळ रेषांचं मिळालं तर वापरा, पण पांढऱ्या भागात कीड लवकर लागते, कारण तिथे स्टार्च असतो आणि भुंग्याच्या अळ्यांना तोच हवा असतो. तुमचं पहिलं टेबल असेल तर माझा कौल असा: पाय आणि फळी सागाची, किंवा सगळंच अक्रोडाचं. शिसवीच्या नादी दुसऱ्या टेबलाला लागा.

लाकडाच्या जातीपेक्षा ते किती सुकलंय याला जास्त महत्त्व आहे. झाड तोडलं तेव्हाचं पाणी हळूहळू जातं. साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंत उतरेस्तोवर लाकूड आकसत नाही, त्याच्या खाली आलं की आकसायला लागतं. घरात वापरायच्या लाकडात ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. मोजायला दोन सुयांचं मीटर मिळतं. नसेल तर फळीच्या टोकापासून हातभर आत सोडून एक तुकडा कापा, वजन करा, १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, परत वजन करा. समजा तुकडा २३० ग्रॅमचा होता आणि २०० वर थांबला. गेलेले ३० भागिले २००, म्हणजे १५ टक्के. ते लाकूड अजून तयार नाही. टोकाचाच तुकडा घेऊ नका, टोकं आधी सुकतात आणि खोटं सांगतात.

आणि लाकूड आयुष्यभर हलत राहतं. लांबीत जवळपास नाही, रुंदीत मात्र नक्की, आणि फळी वाढीच्या वर्तुळांना लागून कापली असेल तर उभ्या, म्हणजे वर्तुळांना काटकोनात, चिरलेल्या फळीच्या साधारण दुप्पट. सागाचं गणित करून बघा. ओलावा ४ टक्क्यांनी वरखाली झाला तर वर्तुळांना लागून कापलेल्या ८०० मिमी रुंद फळीची रुंदी साडेसहा मिमीच्या आसपास बदलते. उभ्या चिरलेल्या फळ्यांची असेल तर तीनेक मिमी. दमट आणि कोरड्या ऋतूंत इतका फरक सहज पडतो. आता ही फळी चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने आवळून टाकली, तर ते सहा मिलिमीटर कुठे जाणार? माझी गेली होती चिरीत. टेबल देऊन चार महिने झाले असतील, रात्री कडाड असा आवाज आला म्हणून घरमालकाचा फोन. सकाळी जाऊन बघतो तर मधल्या जोडाशेजारी करवतीचं पातं जाईल एवढी फट. गोंद शाबूत होता, लाकूडच फाटलं होतं.

उपाय साधा आहे. पट्टीच्या आतल्या बाजूला वरून १२ मिमी खाली एक खोबणी पाडा, आणि तिच्यात जीभ अडकेल असे लाकडी गुटके करून फळीला खालून स्क्रूने लावा. खोबणी गुटक्याच्या जिभेपेक्षा किंचित खाली ठेवली की स्क्रू आवळल्यावर फळी खाली ओढली जाते, तरी गुटका सरकायला मोकळा राहतो. लांब पट्ट्यांकडच्या गुटक्यांची जीभ खोबणीच्या तळाला टेकवू नका, चार-पाच मिमी फट ठेवा. फळी मधोमध पकडून ठेवायची असेल तर दोन्ही आखूड पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एकेक घट्ट स्क्रू चालतो, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते.

सांध्याचं थोडक्यात सांगतो, तुम्हाला ते माहीत असेल. पट्टी २४ मिमी जाड, कुसू तिच्या एक तृतीयांश म्हणजे ८ मिमी, बरोबर मधोमध, लांबी ४० मिमी. दोन्ही टोकांची कुसवं धरून लांब पट्टी १३४० आणि आखूड ६४० मिमी कापायची. पट्टी पायाच्या बाहेरच्या अंगापासून ६ मिमी आत घ्या, त्याने सावली पडते आणि नक्षी पायाच्या मागे सुरक्षित राहते. या मापांत एक सोय आपोआप साधते. कुसू पट्टीच्या दर्शनी अंगापासून ८ मिमी खोल सुरू होतं आणि तुमची नक्षी जास्तीत जास्त ६ मिमी खोल जाणार. त्यामुळे कोरताना सांध्याचं लाकूड कधीच कमी होत नाही. पायाच्या आत दोन बाजूंनी आलेली कुसवंही एकमेकांना भिडत नाहीत. पायाच्या वर कोरणार असाल तर खाचा जिथे आहेत त्या १०० मिमीच्या डोक्यावर फक्त उथळ काम करा. क्लँप तिथेच बसणार आहेत आणि त्यांना टेकायला सपाट जागा हवी.

एक गोष्ट घाईत राहून जाते. लाकूड मापाला आणताना एका दमात आणू नका. आधी दोन-तीन मिमी जास्त ठेवून रंधा मारा, पट्ट्यांमध्ये काड्या घालून आठवडाभर तशाच रचून ठेवा, मग शेवटचा रंधा. आतला ताण मोकळा झाला की पट्टी थोडी वळते. ती सांधे कापायच्या आधी वळलेली बरी.

हत्यारांची यादी विचारलीत. बाजारात तीस-चाळीस पटाश्यांचे संच दिसतात, ते घेऊ नका. गोल पटाश्यांना वळणाप्रमाणे आकडे असतात. शेफील्डच्या जुन्या पद्धतीत १ म्हणजे सपाट, २ म्हणजे तिरकी, ३ जवळपास सपाट पण किंचित गोल, आणि तिथून ९ पर्यंत वळण वाढत जातं. ९ म्हणजे जवळजवळ अर्धवर्तुळ. इतर कारखाने आकडे थोडे वेगळे लावतात, तेव्हा एकाच कारखान्याची हत्यारं घेतलीत तर गोंधळ कमी. या टेबलाला मला एवढी पुरतील: सपाट १२ मिमीची एक, ३ नंबरची २० मिमी आणि ८ मिमी, ५ नंबरची १४ मिमी, ७ नंबरची १० मिमी, ९ नंबरची ६ मिमी, आणि साठ अंशांची व्ही पटाशी ६ मिमीची. जमीन, म्हणजे पानांभोवतीचा खोल केलेला भाग, साफ करायला एक मान वाकडी केलेली सपाट पटाशी. लाकडी मोगरी गोल डोक्याची घ्या. लोखंडी हातोड्याने मुठी फुटतात.

आता एक युक्ती सांगतो, ती कळायला मला बरीच वर्षं लागली. नक्षी कागदावर हाताने मोकळी काढायची आणि मग तिच्या वळणांना बसतील अशी हत्यारं शोधत बसायची, हे उलटं आहे. आधी आपल्या पटाश्यांची पाती शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर ठसे उमटवा. पानाचं पोट ५ नंबरच्या ठशाने, टोकाकडचं वळण ७ ने, बुट्टीच्या मधला गोल ९ चे दोन ठसे समोरासमोर. या ठशांतूनच बुट्टी बांधा. मग लाकडावर रूपरेषा कापताना पटाशी रेषेवर उभी ठेवायची, मोगरीचा एक ठोका, आणि वळण एका घावात तयार. बुट्टी सोळा वेळा पुनरावृत्त होत असताना हे किती तास वाचवतं ते करून बघा, आणि दोन्ही बाजू मिळून ३२ बुट्ट्या आहेत. शिवाय सगळ्या सारख्या येतात.

धारेबद्दल एक परिच्छेद लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. तुमच्या बहुतेक अडचणी तिथे असतील. नवी पटाशी कोरायला तयार नसते. बाहेरचा उतार २० ते २५ अंशांचा करा, तो दगडावर पूर्ण सपाट टेकेल असा, गोलसर नको. हजार ग्रिटचा दगड, मग सहा हजारचा, आणि शेवटी पॉलिशची वडी लावलेलं चामडं. गोल पटाशी दगडावर घासताना मनगटाने कडेपासून कडेपर्यंत लोळवायची. लोक मधल्या भागावर जास्त घासतात आणि पात्याला मधे खड्डा पडतो. आतल्या बाजूची बारीक बर, म्हणजे घासताना कडेला वळलेला धातूचा पापुद्रा, काढायला गोल कडेचा लहान दगड किंवा काडीवर गुंडाळलेलं चामडं. तपासणी अशी: मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि रेषांना आडवा काप मारा. कापलेला भाग चकाकला पाहिजे, तळ गुळगुळीत. त्यात पांढरी बारीक रेघ दिसली तर पात्याला त्या ठिकाणी दात पडलाय. तंतू चुरगाळल्यासारखे दिसले तर धारच नाही. सागात काम करताना चामडं बाकावर, हाताजवळ ठेवा. उठून जावं लागलं तर तुम्ही जाणार नाही, मीही जात नाही.

कोरण्याआधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर एक बुट्टी पूर्ण करा. अर्धी नाही, पूर्ण. किती वेळ लागला ते लिहून ठेवा आणि ३२ ने गुणा. आकडा बघून पुष्कळ लोक बुट्टी सोपी करतात, आणि टेबलाला त्याने काही कमीपणा येत नाही.

पट्टी बाकावर धरायला तिच्यापेक्षा मोठ्या प्लायवर ठेवा, चारही बाजूंनी पट्टीपेक्षा कमी उंचीच्या काठ्या स्क्रूने ठोका, आणि एका बाजूला दोन पाचरी. ते प्लाय बाकाला क्लँप करा. कोरायचा बाक रंध्याच्या बाकापेक्षा उंच हवा, साधारण कोपराच्या उंचीला, नाहीतर पाठ पहिल्या पट्टीतच जाईल. उजेड वरून नको. एक दिवा बाजूने, लाकडाला जवळजवळ समांतर लावा. वरच्या उजेडात सपाट वाटणारी जमीन तिरक्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखी दिसते. आणि दोन्ही हात हत्यारावर, एक मुठीवर ढकलायला आणि दुसरा पात्यावर आवरायला. मोगरी हातात असेल तर पात्यावरचा हात कडेच्या मागे, पुढे कधीच नाही. माझ्या डाव्या तळव्यावर व्ही पटाशीचा वण आहे. तुकडा हातात धरून "एवढंच तर करायचंय" म्हणालो होतो.

आता प्रत्यक्ष काप. पहिल्यांदा व्ही पटाशीने रेषेच्या बाहेर एक मिमी सोडून चर काढा. हा चर पानाला सांभाळतो. मग ठशांच्या पटाश्यांनी रेषेवर उभे काप, पण पातं थोडं बाहेर कललेलं, म्हणजे पानाची भिंत तळाशी रुंद होत जाईल. पातं आत कललं की पानाखाली पोकळी होते आणि कडा पोपडा निघावा तशी सुटते. उभा काप एकदम ६ मिमी मारू नका. मोगरी जोरात बसली की पातं पाचरीसारखं काम करतं आणि लाकूड रेषेत फाटतं. दोन मिमी उभं, मग जमिनीकडून तिरकं येऊन ढलपी काढा, परत दोन मिमी. जमीन पाच-सहा मिमीवर आली की थांबा. खोली एका पट्टीवर सारखी राहावी म्हणून लाकडाच्या तुकड्यातून ६ मिमी बाहेर आलेला खिळा पुरतो. पट्टीच्या साध्या कडांवर तुकडा टेकवून फिरवला की कुठे उंच राहिलंय ते खिळा सांगतो.

जमीन आरशासारखी करायच्या मागे लागू नका. ३ नंबरच्या पटाशीचे हलके वण राहू द्या, त्याने उजेड फुटतो आणि पानं उठून दिसतात. काही जण जमिनीवर बारीक ठिपक्यांचे ठसे मारतात. उचकटलेलं लाकूड झाकायला ती पद्धत सोयीची आहे, आणि बहुतेक वेळा वापरली जाते ती त्याचसाठी.

मग पानांना आकार. इथे रेषांचं भान लागतं. पट्टीत रेषा आडव्या धावतात आणि पान तिरकं आहे. पानाच्या एका कडेला तुम्ही देठाकडून टोकाकडे कापलंत आणि काप चकचकीत आला, तर समोरच्या कडेला तोच काप उलट दिशेने, टोकाकडून देठाकडे घ्यावा लागतो. नाहीतर पातं तंतूंच्या खाली शिरतं आणि लाकूड उचकटतं. गोल फुलाभोवती फिरताना एका फेरीत चार वेळा दिशा बदलते. हे पाठ करायची गरज नाही. ढलपी मऊ कुरळी येत असेल तर दिशा बरोबर, तुटक तुटक आणि आवाज खरखरीत असेल तर थांबा आणि दुसऱ्या बाजूने या. शंका असेल तिथे रेषांना थेट आडवं कापा, तो काप सहसा दगा देत नाही.

क्रम सगळ्या पट्टीवर एकसारखा ठेवा. सगळ्या बुट्ट्यांचे चर, मग सगळ्यांची जमीन, मग सगळ्यांचे ढोबळ उतार, आणि शिरा अगदी शेवटी. एक बुट्टी पूर्ण करून दुसरीकडे जाण्याचा मोह होतो. पहिली आणि अकरावी शेजारी ठेवून बघितलीत की कळेल, मधल्या काळात तुमचा हात बदललेला असतो.

पानाचं टोक तुटणार. जिथे टोक रेषांना आडवं येतं तिथे तंतू आखूड असतात आणि तिथे ते निखळतंच. तुटल्याबरोबर सगळं थांबवा, ढलप्या झटकू नका, तुकडा शोधा. तोच तुकडा तिथल्या तिथे गोंद लावून चिकटपट्टीने दाबून ठेवा, आणि त्या दिवशी दुसऱ्या पट्टीवर काम करा. ताज्या तुटीला तंतू तंतूत बसतात आणि नंतर जागा सापडत नाही. म्हणून कोरताना खाली जमीन झाडलेली असावी. मी एकदा बोटाच्या नखाएवढ्या टोकासाठी पोतंभर भुसा चाळलाय.

कोरलेल्या भागाला पॉलिश पेपर लावू नका. धारदार पात्याने कापलेला पृष्ठभाग स्वतःच चकाकतो, आणि कागद त्याच्या कडा बोथट करून टाकतो, पानं साबणाच्या वडीसारखी दिसायला लागतात. शिवाय कागदाचे कण तंतूंत अडकतात आणि नंतर पटाशी फिरवलीत की धार जाते. फळी आणि पाय घासावेच लागतील, ते १२०, १८०, २४० अशा क्रमाने, तोंडावर चांगला मास्क लावून. लाकडाची धूळ १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. ढलप्यांचं एवढं भय नाही, बारीक धुळीचं आहे.

गोंदाच्या आधी कोरलेल्या भागांना तेलाचा पहिला हात देऊन टाका, कुसवं आणि खाचा चिकटपट्टीने झाकून. सांध्यातून बाहेर आलेला गोंद पानांच्या खळग्यात गेला तर तो निघत नाही, आणि नंतर तेल लावल्यावर तिथे पांढुरके डाग दिसतात. तेल आधी बसलेलं असेल तर गोंद सुकल्यावर नखाने सुटतो. जोडणी दोन टप्प्यांत करा. आधी दोन्ही आखूड बाजू, म्हणजे दोन पाय आणि मधली पट्टी, त्या सुकल्यावर लांब पट्ट्या. चौकट उभी राहिली की दोन्ही कर्ण मोजा. कर्णात ३ मिमी फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लँप थोडा तिरका सरकवून आवळा. पांढरा गोंद तासाभरात धरतो, पण क्लँप काढल्यावरही चोवीस तास त्यावर जोर देऊ नका.

वरच्या फळीच्या जोडाला मी मधे कागदाइतकी फट ठेवतो. कडेला रंधा मारताना शेवटचे दोन-तीन हात फक्त मधल्या भागावर, टोकं सोडून. मधला एक क्लँप आवळला की फट मिटते आणि टोकं कायम दाबात राहतात. फळ्यांची टोकं आधी सुकतात आणि जोड उघडतो तो तिथूनच.

तेलाचं म्हणाल तर जवसाचं उकळलेलं तेल किंवा टंगचं तेल, पातळ हात, अर्ध्या तासाने सगळं पुसून घ्यायचं. कोरीव भागात तेल कापडाने नाही, मऊ ब्रशने भरा आणि कोरड्या ब्रशने बाहेर काढा, नाहीतर खळग्यांत ते चिकट गोळा होऊन राहतं. तीन-चार हात, मधे एकेक दिवस. फळीला यापेक्षा टणक लेप हवा असेल तर वरून पॉलियुरेथेन द्या, पण नक्षीवर नको, तिथे तो प्लॅस्टिकसारखा दिसतो. आणि तेलाची कापडं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या कापडाच्या पोटात ती साठते आणि कोणी काडी न लावताही कापड पेट घेऊ शकतं. मी ती बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवतो, पूर्ण कडक झाली की पाण्यात भिजवून टाकतो.

वेळ विचारला नाहीत, पण विचारणारच होतात. मला एक लांब पट्टी कोरायला बारा ते पंधरा तास लागतात. तुम्ही पहिल्या पट्टीला तीस धरा. ती पहिली पट्टी आखूड घ्या, आणि टेबल भिंतीला लावणार असाल तर भिंतीकडे जाईल ती बाजू तिला द्या.